पट्ट्यावरचं शून्य

मला बघायला आले तेव्हा चहाचा कप हातात घेऊन आमच्या ह्यांची नजर आधी गेली ती दारावरच्या वीजमीटरकडे. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे, मान वळवून मुलीकडे बघत नाही. लाजाळू कसला, मीटरचं चाक फिरतंय की नाही ते बघत होता.

माझे यजमान प्रल्हाद काटकर वीज मंडळाच्या भरारी पथकात होते. वीजचोरी पकडणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्तीनंतरही अंगातून गेलं नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, त्याआधी आमच्या मुलाचे, ऋतुराजचे, शाळेतले मार्क, सगळ्यांवर धाड. "माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही," हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं रोज म्हटलं जायचं. मला त्याचं हसू यायचं.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. पाहुणा कुणीही येवो, त्याला ती ऐकावी लागे. उंब्रजकडच्या एका मंगल कार्यालयात लग्न चाललेलं, माळा लखलखतायत, पंखे गरगरतायत, आणि मीटर ढिम्म. बरोबरचा नवा पोरगा मीटर उघडून पुन्हा पुन्हा तपासतोय, त्याला काही दोष सापडत नाही. तो म्हणाला, साहेब, मीटर तर एकदम बरोबर आहे, मग वीज वापरलीच जात नसेल. ह्यांनी त्याला मांडवाकडे बघायला लावलं. "मीटर बरोबरच आहे रे," असं म्हणून ते भिंतीवर चढले आणि मीटरच्या आधीच काढलेली तार शोधून काढली. मीटरला शिवतच नव्हती ती वीज, मग त्याने बिचाऱ्याने काय मोजावं? एवढं सांगून झालं की ते पाहुण्याकडे विजयी नजरेने बघायचे आणि मी आत जाऊन चहाला आधण ठेवायची.

मी कराडातल्याच एका बालवाडीत शिकवत होते. पोरांबरोबर जमिनीवर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. साठी यायच्या आतच गुडघे कुरकुरायला लागले. आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, ते पाडव्यापासून आषाढापर्यंत पुरलं. मग वंगणाचं घेतलं, ते बरं वाटतंय म्हणेपर्यंत संपलं. त्यानंतर ती नवी इंजेक्शनं निघाली. कंपनीने त्याला मोठं लांबलचक नाव दिलं होतं, पण लोक त्याला काजव्याचं इंजेक्शन म्हणत. दिवाळीच्या आधी आम्ही डॉक्टर मिथिला पाटणकरांकडे गेलो. ही आमच्याच गावातली मुलगी, हाडांची डॉक्टर होऊन परत आलेली. बोलणं गोड आणि नीट समजावून सांगायची हौस.

तिने सांगितलं ते असं. सांधा नुसता झिजतो म्हणून दुखतो, हे अर्धंच खरं. झिजलेल्या कूर्चेचा चुरा सांध्यात पडतो, त्याने आतलं अस्तर भडकतं, आणि भडकलेलं अस्तर अशी रसायनं सोडतं की उरलीसुरली कूर्चाही विरघळायला लागते. जुनी इंजेक्शनं ही आग एकदा विझवून निघून जायची. नव्यात तसं नाही. आपल्याच नाकातल्या कूर्चेच्या चिमूटभर पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांच्यात दोन जनुकं घालतात आणि त्या जेलमधून गुडघ्यात सोडतात. त्या तिथंच मुक्कामाला राहतात. रसायनांची चाहूल लागली की जागच्या जागी औषध तयार करतात, शांत झालं की थांबतात. हे झालं पहिल्या जनुकाचं काम. दुसरं जनुक काजव्याचं. औषध करत असताना ह्या पेशी लुकलुकतात. आपल्याला दिसू नये इतका मंद उजेड, पण गुडघ्यावर बांधायच्या पट्ट्यात एक यांत्रिक डोळा असतो, त्याला तो कातडीतूनही दिसतो. जितकी लुकलुक जास्त तितकी सूज जास्त. पट्ट्यावर शून्य ते शंभरमध्ये रीडिंग येतं आणि ते घरच्यांच्या फोनवर जातं.

"म्हणजे दुखण्याला मीटर," हे म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर ऋतुराजच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"दुखण्याला नाही काका, सांध्यातल्या सुजेला," डॉक्टर म्हणाली. पण तोवर ह्यांनी ऐकायचं ते ऐकून घेतलं होतं.

नाकातून काढलेल्या पेशी वाढून आल्यावर आम्ही परत गेलो. स्कॅनच्या खोलीत जाताना अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. मंगळसूत्र, बांगड्या, पायातली जोडवीसुद्धा. सिस्टरने साबण लावून ती ओढून काढली आणि पाकिटात घालून दिली. इंजेक्शन घेताना फारसं कळलं नाही. दोन्ही गुडघ्यांना दोन पट्टे बांधून आम्ही घरी आलो. आल्यावर मी खुर्चीत बसून डाव्या पायात जोडवी चढवली. उजव्या पायापर्यंत हात काही पोचेना. इंजेक्शनने गुडघा अवघडला असेल, चार दिवसांनी घालू, असं म्हणून मी ती कुंकवाच्या डबीत टाकली.

डावा गुडघा खरंच सुधारला. जिना उतरताना ज्या पायाला मी शिव्या घालायची तो मुकाट उतरायला लागला. उजवा मात्र तसाच. सकाळी अंथरुणातून उठताना मांडीतून एक कळ खाली यायची आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसायची. मांडी घालून देवापुढे बसणं तर बंदच झालं. मी उभ्यानेच फुलं वाहायला लागले.

रोज सकाळी हे चष्मा लावून फोनवरचा रिपोर्ट बातम्यांसारखा मोठ्याने वाचत. डावा अठरा, उजवा शून्य. डावा पंधरा, उजवा शून्य. मी म्हटलं, उजवा दुखतोय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती, पण आजवर ती दुसऱ्यांवर पडताना पाहिली होती.

"डाव्यात रीडिंग आहे तर म्हणतीस दुखत नाही. उजव्यात शून्य, तर म्हणतीस दुखतंय. हे कसं काय?"

"कसं काय ते त्या पट्ट्याला विचारा."

"पट्ट्यालाच विचारतोय," ते म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला.

त्यांना एकट्यांना तरी काय बोलावं? त्या हिवाळ्यात सगळ्या गावाला हे वेड लागलं होतं. कुणी कुणाला "कसं वाटतंय" विचारेना, "किती आहे" विचारायला लागले. एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायच्या आधी पोरं त्याच्या गुडघ्याकडे बघायची. विम्याच्या ॲपला रीडिंग दाखवल्याशिवाय गोळीसुद्धा मिळेना. सुना सासूचा पट्टा वाचून मगच पोळ्या लाटायला पुढे यायच्या. आमच्या गल्लीतल्या एका सासूबाईंचं रीडिंग सहा निघालं. तेव्हापासून त्या घरात त्यांच्या कण्हण्याला कुणी किंमत देत नव्हतं, आणि त्यांनीही कण्हणं सोडून दिलं होतं.

पुण्याहून ऋतुराजचा फोन आला. रिपोर्ट त्यालाही जायचा. "आई, उजव्याचा ग्राफ एकदम सपाट आहे गं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. लहानपणी तो पोट दुखतंय म्हणून शाळा चुकवायचा, तेव्हा मी त्याच्याशी ह्याच सुरात बोलायची. मी फोन ह्यांच्याकडे दिला आणि आत गेले.

मग मीही शोध घ्यायला लागले. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर काढल्यावर संशय कसा घ्यायचा हे काय मला शिकवायला लागतं? पहिला संशय पट्ट्यावर. हे बाजारात गेले तेव्हा मी दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली. उजवा पट्टा डाव्या गुडघ्यावर बांधल्या बांधल्या सोळा दाखवायला लागला, आणि डावा उजव्यावर गेल्यावर शून्य. पट्टे धड होते.

दुसरा संशय इंजेक्शनवर. उजव्या सुईत नुसतं पाणी भरलं असेल, किंवा पेशी आत जाऊन मेल्या असतील. मेलेला काजवा लुकलुकणार कसा? ही शंका ह्यांनाही पटली. चोर पकडायचा म्हटल्यावर ते लगेच तयार. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरने गुडघ्याला एक यंत्र लावून आतल्या पेशींना मुद्दाम डिवचलं. उजव्याचं रीडिंग सरसर चाळीसवर गेलं, थोडा वेळ तिथं राहिलं आणि हळूहळू उतरत पुन्हा शून्यावर आलं.

"पेशी ठणठणीत आहेत काकू," डॉक्टर म्हणाली. "उजव्या गुडघ्यात सूज नाहीच, म्हणून त्या गप्प आहेत."

कुणाला आपल्या अंगात काहीतरी मेलेलं निघावं असं वाटेल का? मला वाटलं. त्या मेल्या असत्या तर मी सुटले असते.

डॉक्टरने संगणकाकडे बघितलं. कंपनीच्या यंत्रणेने माझी सगळी माहिती चाळून निदान दिलं होतं, सवयीची वेदना. वर्षानुवर्षं दुखलेल्या सांध्याची मज्जातंतूंना आठवण राहते, सांधा बरा झाला तरी मेंदू जुनं रडगाणं गात राहतो. असं खरंच असतं, डॉक्टर काही थाप मारत नव्हती. उपाय म्हणून व्हिडिओवर एका समुपदेशक बाईंशी बोलायचं आणि रोज भरपूर चालायचं. चालण्याने जेलही चांगला टिकतो. एवढ्या सगळ्यात तिने माझ्या पायाला हात लावला नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण रीडिंग आल्यापासून कुणाच्याच पायाला कुणी हात लावत नव्हतं.

झालं, रोज सकाळी प्रीतिसंगमावर चालणं सुरू झालं. कृष्णा-कोयनेच्या काठाने तो रस्ता किती सुंदर आहे, लोक बाहेरगावाहून बघायला येतात. मला आठवतात ते तिथले बाक, आणि एका बाकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. हे माझ्या मागून चालत. आधी मला वाटलं, मी पडले तर धरायला म्हणून मागे आहेत. मग लक्षात आलं, मी कधी लंगडते आणि कधी नाही ते बघतायत. ओळखीचं कुणी समोर आलं की जास्त लंगडते का. पाठीमागे कुणी नाही असं वाटलं की सरळ चालते का. एकदा तर ते मुद्दाम झाडाआड थांबले. नाटकात पडद्याआड लपलेल्या सरदाराच्या धोतराचा सोगा दिसावा तसे त्यांचे बूट मला दिसत होते.

एका दुपारी त्यांनी मला पकडलंच. मी स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेने गॅसपासून मोरीपर्यंत चालले होते आणि ते दारात उभे होते.

"आत्ता लंगडली नाहीस," ते म्हणाले.

मी सांगितलं, ओट्याला धरून चालले, अंगाचा भार हातावर घेतला. त्यांनी पोलिसपाटलासारखा चेहरा केला, आणि मग अगदी हळू, मला समजावल्यासारखं म्हणाले, "शैला, खोटं बोलतीस. का बोलतीस ते सांग, मी रागावणार नाही."

मी भांडायला हवं होतं. लग्नानंतर आजवर मी एकही भांडण वाया जाऊ दिलेलं नाही. पण त्या दिवशी नाही भांडले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती, आणि मला वाटलं, हे इतके शांतपणे सांगतायत, ऋतुराज म्हणतोय, डॉक्टर म्हणतेय, यंत्र म्हणतंय, तर मीच कशावरून खरी? पट्टा तपासला, इंजेक्शन तपासलं, संशय घ्यायला आता उरलं कोण? त्यानंतर कळ आली की मी आधी पट्ट्याकडे बघायची. शून्य दिसलं की ओठ आवळायची आणि स्वतःलाच विचारायची, बाई, खरंच दुखतंय का तुला, की लाड करून घ्यायचेत? न्हाणीघरात नळ सोडून रडले मी. माझं दुखणं माझंच नाही असं होऊन बसलं होतं, आणि त्याच्याइतकी भीती मला आयुष्यात कशाचीच वाटली नाही. चालणं मात्र रोज चालू होतं, आणि पाय रोज थोडा जास्त आखडत होता.

संक्रांतीनंतर वनमाला जगदाळेंकडे हळदीकुंकू होतं. वनमाला आमच्या समोर राहते. बँकेतून निवृत्त झाली तरी काउंटरवरचा आवाज तसाच आहे. तिच्या हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसलेल्या आणि तिळगुळाबरोबर रीडिंगची चर्चा. कुणाचं तीस, कुणाचं बावीस. माझ्यावर पाळी आली. डाव्याचं चौदा, उजव्याचं शून्य. "शून्य? मग खुर्ची कशाला अडवलीत वैनी, बसा की खाली," कुणीतरी म्हणालं. मी नको म्हटलं. वनमाला हळदीकुंकू लावायला पुढे आली, वाकून नमस्कार करताना तिची नजर माझ्या पायांवर थबकली.

"एका पायात जोडवी आणि एक पाय मोकळा? काटकर वैनी, अर्धंच भांडण झालंय का?"

बायका हसल्या. मीही हसले, नाहीतर काय करणार? वाणाची वाटी घेऊन घरी आले तोवर ती गंमत वनमालाच्या नवऱ्याकडून कोपऱ्यावरच्या पेपरच्या स्टॉलवर ह्यांच्यापर्यंत पोचली होती.

हे माझ्या मागोमागच घरात आले. दिवेलागण व्हायची होती. मला खुर्चीत बसवून ते समोर उभे राहिले आणि चौकशी सुरू झाली. उजवी जोडवी कुठं आहेत? कुंकवाच्या डबीत. का काढलीस? मी काढली नाहीत, सिस्टरने काढली, मला परत घालता येत नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. खोट्याचं एक टोक हाताला लागलं की तो असाच उजळतो.

"डावी घातलीस ना?"

"डाव्या पायाला हात पोचतो."

"आणि उजवा गुडघा वाकत नाही?"

"वाकतो. गुडघा वाकतो," मी म्हटलं. हे मलाही तेव्हाच कळलं, बोलता बोलता. गुडघा नीट वाकत होता, मग हात का पोचत नव्हता?

ते देवघरातून डबी घेऊन आले. माझ्यासमोर जमिनीवर बसले, फोन शेजारी उभा करून ठेवला, पट्ट्याचं रीडिंग दिसेल असा. आता हे खोटं उघडं पडणार, मग ही रडेल, मग सगळं मिटेल, असं त्यांच्या मनात असणार. त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. गुडघा अलगद वाकला. जोडवं चढवायला बोट समोर यावं म्हणून त्यांनी पाऊल जरा बाहेर वळवलं, मांडी घालताना वळतं तसं.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा आहे असं मला वाटलं नाही. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. जोडवं घरंगळत पलंगाखाली गेलं.

ह्यांनी सवयीने आधी फोनकडे बघितलं. शून्य. मग माझ्याकडे बघितलं. माझं सगळं अंग घामाने भिजलं होतं. परत फोनकडे, परत माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघता बघता उतरत गेला आणि काय होतंय ते मला कळलं. ते उंब्रजच्या त्या मांडवात जाऊन उभे राहिले होते.

"मीटर बरोबर आहे," ते पुटपुटले.

ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की पुढचं मला पाठ होतं. माझा पाय त्यांनी दोन्ही हातांनी इतका सांभाळून खाली ठेवला की तो जमिनीला टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. मग ते उठले आणि वनमालाच्या नवऱ्याला गाडी काढायला सांगायला गेले.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. ह्यांनी माझे दोन्ही पट्टे सोडून डॉक्टरच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, हे बाजूला ठेवून हिला बघा. डॉक्टर काहीतरी बोलणार होती, पण त्यांच्याकडे बघून उठली. मला झोपवून तिने माझा उजवा पाय गुडघ्यात दुमडला, आणि गुडघा धरून पाय खुब्यातून हळूच फिरवला. मी ओरडले. तिने हात लगेच काढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

फोटो काढला, ह्या वेळी गुडघ्याचा नाही, खुब्याचा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका बाजूने चेपून गेला होता. डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. खुबा आणि गुडघा ह्या दोघांना एकाच नसेचे फाटे जातात, ती म्हणाली. खुबा ओरडतो, पण मेंदूला हाक गुडघ्यातून आल्यासारखी वाटते. सूज सगळी वर होती, म्हणून गुडघ्यातले काजवे गप्प होते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना फक्त आपल्या घरातलंच दिसत होतं. आणि रोजच्या चालण्याने गोळा आणखी चेपला.

"हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, काकू," ती खाली मान घालून म्हणाली. "शून्य दिसलं नसतं तर मी त्याच दिवशी पाय फिरवून बघितला असता. आता सांधाच बदलावा लागेल. दिवाळीच्या सुमाराला आला असतात तर कदाचित खुब्यातल्या एका इंजेक्शनवर भागलं असतं."

"तेव्हाच आलो होतो," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर हे व्हीलचेअरची मूठ धरून उभे राहिले, ढकलायचं विसरून.

"मी चालायला लावलं तुला," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी बोलून सावरून घ्यायची. त्या संध्याकाळी नाही घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. ऋतुराज आठवडाभर येऊन राहिला, माझ्या उशाशी बसून रडलाही थोडा. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर एक नवी डबी घेऊन आली. बदललेल्या सांध्याबरोबर कंपनी आता खुब्याचाही पट्टा देते, ती म्हणाली. सांध्यावर भार किती, आत सूज किती, सगळं फोनवर येतं. ह्या वेळी चूक व्हायला नको म्हणून तिला तो मनापासून द्यायचा होता. तिने सवयीने डबी ह्यांच्यापुढे धरली, कारण फोन त्यांच्याकडे असतो.

ह्यांनी हात मागे घेतले. "तिला विचारा," ते म्हणाले.

मी नको म्हटलं. गुडघ्यावरचे पट्टेही परत बांधले नाहीत. डाव्यातले काजवे असतील आत लुकलुकत, त्यांना ज्यासाठी ठेवलंय ते काम करू देत.

गल्लीत अजून "किती आहे" चालूच आहे. वनमाला परवा म्हणाली, वैनी, पट्ट्याशिवाय तुम्हाला कळतं कसं? मी म्हटलं, दुखलं की कळतं. तिला ते पटलं नाही. ह्यांनी ती उंब्रजची गोष्ट सांगणं बंद केलंय. आलेला पाहुणा सुटतो आणि मला मात्र उगीच चुकल्यासारखं होतं. माझा राग पुरता गेलेला नाही. तो मोजायचं यंत्र निघालेलं नाही ते बरं आहे, नाहीतर सकाळी तेही मोठ्याने वाचलं गेलं असतं.

पाय वळवायला डॉक्टरने परवानगी दिली त्या सकाळी मी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. हे आतून कुंकवाची डबी घेऊन आले. पलंगाखालचं जोडवं त्यांनी कधीच शोधून काढलं होतं. दोन्ही काळी पडलेली जोडवी चिंच लावून घासली होती, लख्ख करून. ते जमिनीवर बसले, पाय मांडीवर घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटात जोडवं अडकवलं आणि पाऊल तसूतसूने बाहेर वळवत पेरावरून चढवलं. मग वर बघून विचारलं, "दुखलं?"

"नाही," मी म्हटलं.

पूर्वी अशा वेळी ते फोनकडे बघायचे. आता फोन आत कुठंतरी पडला होता. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, खूप वेळ, भुवईपासून ओठांपर्यंत, त्यांच्या जुन्या झडतीच्या नजरेने, आणि मी ती झडती होऊ दिली.

"खोटं बोलतीस," ते म्हणाले. आणि माझा पाय तसाच मांडीवर धरून, दुसरं जोडवं मुठीत ठेवून, कळ जाईपर्यंत थांबून राहिले.